नंबर नसलेली जुनी बंदूक विकत घ्यायची आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुना वाडा विकायला काढला की माळ्यावरून तांब्याचा बंब निघतो, मोडी कागदांची पेटी निघते आणि एखाद्या घरात फडक्यात गुंडाळलेली लांब नळीची बंदूकही निघते. मग कुणीतरी म्हणतं, "आम्हाला द्या, चांगले पैसे देतो." नळीवर नंबर नाही, घरात कागद नाही, आणि दोन्ही बाजूंना वाटत असतं की एवढी जुनी वस्तू म्हणजे कायद्याच्या बाहेरची. काकांच्या बंदुकीचे कागद सरळ करताना मला कलेक्टर कचेरीच्या बऱ्याच चकरा माराव्या लागल्या. तेव्हापासून ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे हेच प्रश्न विचारत आले आहेत. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

थेट सांगा, भारतात नंबर नसलेली बंदूक विकत घेता येते का?

जशी आहे तशी, नाही. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ८ याच विषयावर आहे. ज्या अग्निशस्त्रावर बनवणाऱ्याचं नाव, त्याने घातलेला क्रमांक किंवा केंद्र सरकारने मान्य केलेलं दुसरं ओळखचिन्ह ठळकपणे दिसत नाही, ते विकायला आणि दुसऱ्याच्या नावे करायला हे कलम मनाई करतं. विकणाऱ्याकडे परवाना असला तरी ही मनाई उठत नाही. अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ ला लागू झाला. ज्यांच्या घरात तेव्हा अशी शस्त्रं होती त्यांना थोडी सवलतीची मुदत मिळाली होती, पण ती संपून साठ वर्षं होऊन गेली.

याच कलमात आणखी एक गोष्ट आहे. नंबर किंवा चिन्ह नसलेली बंदूक ज्याच्या ताब्यात सापडते, त्यानेच ते चिन्ह घालवलं असं गृहीत धरलं जातं. तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणजे पणजोबांच्या काळातल्या लोहाराने नंबर घातलाच नव्हता, हे आज तुम्हाला दाखवावं लागेल. खरेदीच्या आनंदात ही बाजू कुणी बोलून दाखवत नाही, म्हणून मी ती सगळ्यात आधी सांगतो.

मग पुढे काही मार्गच नाही?

आहे, पण तो दुकानातून जात नाही, परवाना कार्यालयातून जातो. कलम ८ च्या शब्दांत "किंवा" आहे. निर्मात्याचं नाव स्पष्ट असलेली बंदूक आणि ज्यावर काहीच नाही अशी बंदूक, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यामुळे पहिलं काम म्हणजे त्या बंदुकीवर नक्की काय आहे ते नीट पाहणं. दुसरं काम विकणाऱ्याचं: त्याच्या परवान्यावर ही बंदूक कोणत्या वर्णनाने चढली आहे ते दाखवणं. तिसरं, दोघांनी मिळून परवाना अधिकाऱ्याला लेखी विचारणं की या शस्त्राची ओळख कशी नोंदवायची आणि हस्तांतराला परवानगी आहे का. लेखी उत्तर हातात येईपर्यंत पैसे द्यायचे नाहीत आणि बंदूक घरी आणायची नाही. "आत्ता घेऊन जा, कागद मागून होतील" असं म्हणणाऱ्या माणसाकडून मी काडतुसाचं रिकामं टरफलसुद्धा घेणार नाही.

जुन्या बंदुकांवर नंबर का नसतो?

कारण नंबर ही कारखान्याची गरज आहे. गावच्या लोहाराने एका वेळी एक नळी ठोकून वळवली, सुताराने दस्ता बसवला, तिथे क्रमांकाला काही अर्थच नव्हता. तोड्याच्या बंदुका, चकमकीच्या बंदुका, नंतरच्या टोपीच्या ठासणीच्या (नळीच्या तोंडातून बार ठासून भरायच्या) बंदुका अशाच घडत गेल्या. लष्करी शस्त्रांचंही साधारण तसंच. १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड रायफल, जिच्या काडतुसांवरून १८५७ साली एवढा वणवा पेटला, तिच्यावर आजच्या अर्थाचा अनुक्रमांक नसे. पलटणीतला मांडणीचा नंबर असे, कंपनी सरकारची खूण असे, साल असे. लंडनचे मोठे बंदूकवाले मात्र आपापल्या शिकारी बंदुकांना क्रमांक घालत आणि वहीत नोंद ठेवत. बेल्जियममधून स्वस्त बंदुका येत, त्यांच्यावर कित्येकदा लिएज शहराच्या चाचणीगृहाचा (जिथे नळीची मजबुती तपासत) शिक्का तेवढा असे.

१८७८ साली लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला आणि परवाना सक्तीचा झाला. पण जे शस्त्र आधीच घरात होतं त्याच्यावर क्रमांक कुठून येणार? म्हणून जुन्या परवान्यांवर "ठासणीची बंदूक, एक नळी" एवढंच वर्णन आढळतं.

नंबर मुळातच नव्हता की कुणी घालवला, हे कसं ओळखायचं?

या प्रश्नावर वेळ घालवा, कारण सगळं इथे ठरतं.

बंदूक परवानाधारकाच्या ताब्यातच राहू द्या आणि त्याच्यासमोर पाहा. ती भरलेली नाही याची खात्री त्याने किंवा शस्त्रविक्रेत्याने करून द्यावी. ठासणीच्या बंदुकीत वर्षानुवर्षं बार तसाच बसलेला असू शकतो, आणि बाहेरून पाहून ते कळत नाही. गज नळीत सोडून तो किती खोल जातो हे बाहेरून मापून जाणकार माणूस सांगतो.

मग दिवसाच्या तिरप्या उजेडात बघा. नळीचा वरचा भाग, दस्त्याला टेकणारा नळीचा खालचा सपाट भाग, कुलुपाची पट्टी, चापाच्या कडीची शेपटी, दस्त्याच्या मागची लोखंडी पट्टी. मधून मोडून उघडणारी दुनळी बंदूक असेल तर नळ्या उतरवल्यावर खालच्या बाजूला बरंच काही कोरलेलं सापडतं. घासून काढलेल्या जागेला एक हलकासा खड्डा असतो. बोट फिरवलं तर बोटाला कळतं. आजूबाजूचा गंज तपकिरी आणि जुना असतो, तिथला मात्र वेगळ्या रंगाचा असतो. कानसेच्या समांतर रेघा दिसतात. असं काहीही दिसलं तर व्यवहार तिथेच थांबवा. कदाचित कुणी निष्पापपणे "साफ" केली असेल, पण ते सिद्ध करण्याचं ओझं तुम्ही विकत घेऊ नका.

पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, ॲसिड यांतलं काहीही लावू नका. मऊ फडकं आणि थोडं तेल पुरतं. धूसर झालेलं चिन्ह तुमच्या हातून पुसलं गेलं तर कलम ८ तुमच्यावरच उलटतं.

नळीवर काही आकडे आहेत. तोच नंबर समजायचा का?

लगेच समजू नका. काकांच्या दुनळीचा किस्सा सांगतो. बारा बोअरची इंग्लिश बंदूक, नळ्यांच्या खाली मुकुटाचे शिक्के आणि त्यांच्याशेजारी "१३". कुठल्याशा नूतनीकरणाच्या वेळी कचेरीत कुणीतरी तो १३ वाचला आणि परवान्यावर "बंदूक नं. १३" असं चढवलं. पुढची सगळी वर्षं तेच नक्कल होत राहिलं. प्रत्यक्षात तो नळीच्या व्यासाचा आकडा. ब्रिटिश चाचणीगृहात त्या काळी बारा बोअरच्या नळीचा आतला व्यास ०.७१० इंच भरला की १३ ठोकत आणि ०.७२९ भरला की १२. खरा क्रमांक चापाच्या कडीच्या शेपटीवर होता, पाच आकडी, मळाने भरलेला. वारस म्हणून परवाना माझ्या नावावर करायला गेलो तेव्हा तपासणीत "नंबर जुळत नाही" असा शेरा पडला. दुरुस्तीचा अर्ज, फोटो, शस्त्रविक्रेत्याचं पत्र, पुन्हा तपासणी असं करत ते प्रकरण निस्तरायला एक पावसाळा गेला. काकांनी ती बंदूक आयुष्यभर जपली होती. त्यांच्या माघारी तिच्यावर संशयाचा शेरा पाहून फार वाईट वाटलं.

तेव्हा बोअरचा आकडा, पेटंटचा आकडा, साल, चाचणीचे शिक्के, सुटे भाग जुळवताना कारागिराने घातलेले एक-दोन आकडे, पलटणीचा मांडणीचा नंबर, यांतलं काहीही निर्मात्याचा क्रमांक नसतं. पण ओळख पटवायला यातलं प्रत्येक उपयोगी पडतं. सगळ्यांचे जवळून फोटो काढून ठेवा.

नंबर नाही म्हणून आपणच एक नंबर कोरून घेतला तर?

कधीही नको. चिन्ह पुसणं, बदलणं आणि खोटं घालणं ही तिन्ही कृत्यं कलम ८ मध्ये एकाच ओळीत आहेत. हेतू कितीही चांगला असला तरी खासगी कोरणाऱ्याकडून घातलेला नंबर हा बनावट नंबरच. शिवाय तो कारागीर परवानाधारक नसेल तर त्याच्या हातात बंदूक देणं हाच वेगळा गुन्हा. शस्त्र बनवणं, विकणं, दुरुस्त करणं, त्यात फेरफार करणं या सगळ्याला कलम ५ खाली परवाना लागतो. ओळखचिन्ह घालायचं ते परवाना अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाने.

शंभर वर्षं जुनी वस्तू आहे. पुरातन म्हणून सूट नाही का?

सूट आहे, पण लोक समजतात तेवढी मोठी नाही. कलम ४५ म्हणतं की जुन्या, कालबाह्य नमुन्याचं, पुरातन मोलाचं किंवा मोडकळीला आलेलं शस्त्र अधिनियमाच्या बाहेर राहील. पण त्याला जोडून एक अट आहे: ते दुरुस्त करून किंवा न करता, कसंही अग्निशस्त्र म्हणून वापरता येणार नाही असं असलं पाहिजे. बहुतेक जण पहिला अर्धा भाग ऐकून थांबतात. घोडा तुटलेला आहे, नळी गंजलेली आहे, चाप अडकतो, हे सगळं चांगल्या कारागिराला दुरुस्त करता येतं. म्हणजे ती बंदूक कायद्याच्या नजरेत बंदूकच. ठासणीच्या बंदुकीत तर बिघडण्यासारखे भाग इतके थोडे असतात की तिला "निकामी" म्हणणं आणखी अवघड.

फेब्रुवारी २०२० मध्ये नियमांत दुरुस्ती झाली. क्युरिओ (संग्रहात ठेवण्याजोगी जुनी वस्तू) या वर्गात बसणारं लहान शस्त्र घ्यायला आणि बाळगायला भारतीय नागरिकाला परवाना लागत नाही, असं तिच्यात आहे. मात्र ते वापरायला, बरोबर न्यायला किंवा वाहतूक करायला परवाना लागतो, आणि परवान्यावर नोंद असल्याशिवाय त्यासाठी दारूगोळा मिळत नाही. यातली वाहतुकीची मेख लक्षात घ्या. कोल्हापुरात घेतलेली वस्तू गाडीच्या डिकीत टाकून पुण्याला आणली, की ती वाहतूक झाली.

कुठली वस्तू या वर्गात बसते हे विकणारा ठरवत नाही आणि तुम्हीही नाही. "अँटिक आहे हो, लायसन लागत नाही" हे वाक्य जुन्या बाजारात फुकट मिळतं, त्याला कागदाचं वजन नाही. परवाना कार्यालयाकडून लेखी घ्या.

वेल्डिंगवाल्याकडून नळी बंद करून शोभेची वस्तू बनवली तर प्रश्न सुटेल?

सुटत नाही, वाढतो. बिनपरवाना ताब्यातलं शस्त्र बिनपरवाना माणसाकडे दिलं आणि त्यात फेरफार केला, एवढं सगळं एका दुपारी घडतं. वर जुन्या वस्तूचा नाश होतो तो वेगळाच. एकदा पितळी पट्ट्या जडवलेल्या सुंदर नळीत वेल्डिंगचा गोळा बसवलेला पाहिला, अजून डोळ्यांसमोरून जात नाही. निकामी करायचीच असेल तर आधी परवानगी मागा, आणि काम परवानाधारक व्यावसायिकाकडूनच करून घ्या.

मला मुळात परवाना कुठे आणि कसा मिळेल?

आधी परवाना, मग बंदूक. हा क्रम उलटा होत नाही. जिल्ह्यात जिल्हाधिकारी आणि मुंबई, पुणे, नागपूर अशा आयुक्तालयाच्या शहरांत पोलीस आयुक्त हे परवाना अधिकारी. वय २१ पूर्ण हवं. पोलीस तपासणी होते, शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात, आधी तीन येत. परवाना देशाच्या शस्त्रपरवाना नोंदवहीत चढतो आणि त्याला एक ओळख क्रमांक मिळतो. अर्ज नाकारला तर कारण मागा. अपील करता येतं.

खासगी माणसाकडून, म्हणजे दुकानाबाहेर, खरेदी चालते का?

नंबर किंवा मान्य ओळखचिन्ह असलेल्या बंदुकीची चालते, पण दोघांकडे परवाना हवा. विकणाऱ्याने आपला इरादा आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचा. त्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे. पोच घेतलेली प्रत दोघांनी ठेवायची. हे ४५ दिवस कंटाळवाणे वाटतात, पण ते तुमच्याच फायद्याचे आहेत. बंदूक चोरीची असेल, कुठल्या गुन्ह्यात हवी असेल, तर ते बहुधा याच काळात बाहेर येतं.

व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकून "जुनी राजेशाही बंदूक, फक्त शौकिनांसाठी" अशी विक्री दिसली तर उत्तरही देऊ नका.

"विकत नको, नुसती ठेवायला घ्या" असं मित्र म्हणतोय.

ताबा हाच गुन्हा आहे, मालकी नव्हे. बिनपरवाना अग्निशस्त्र बाळगण्याला आता दोन ते पाच वर्षं कैद आणि दंड आहे. मैत्री राखायची असेल तर त्याच्याबरोबर पोलीस ठाण्यात जा.

आजोबा वारले, बंदूक घरातच आहे. नंबर नाही. आता काय करू?

विकत घेणाऱ्यांपेक्षा हा प्रश्न विचारणारे जास्त असतात, आणि त्यांच्या आवाजात भीती असते. भीती समजते. पण गप्प बसल्याने ती वाढतच जाते.

कलम २१ सांगतं की परवानाधारकाच्या मृत्यूनंतर किंवा परवाना संपल्यावर शस्त्र विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं. आजोबांचा परवाना असेल तर काम सोपं: मृत्यूचा दाखला, परवान्याचं पुस्तक, वारसाचा अर्ज. वारसाला परवाना देण्याची तरतूद शस्त्र नियम २०१६ मध्ये आहे. परवानाधारक हयात असतानाही, त्याने सत्तरी गाठली किंवा शस्त्र पंचवीस वर्षं बाळगलं, यातलं जे आधी होईल तेव्हा, तो ते आपल्या वारसाच्या नावे करायला सुचवू शकतो. घरात म्हातारं माणूस परवानाधारक असेल तर हे त्यांच्या हयातीतच करून घ्या. त्यांची सही आणि त्यांचा जबाब यांची जागा नंतर कुठलाही कागद घेत नाही. नंबर नसलेल्या शस्त्राच्या बाबतीत तर "ही माझ्या वडिलांची, हिच्यावर पहिल्यापासून नंबर नाही" हे सांगणारा शेवटचा माणूस तेच असतात.

परवाना कधी नव्हताच किंवा सापडत नाही, तर आधी वकिलाला भेटा. मग बंदूक कुठे, कशी, कुणाला सापडली हे साध्या भाषेत लिहून अर्ज करा. बंदूक पिशवीत घालून बसने ठाण्यात नेऊ नका. ठाण्याला कळवा आणि त्यांना येऊन पंचनामा करू द्या, किंवा ते सांगतील तसं करा. पंचनाम्यात नळीची लांबी, खुणा, पितळी पट्ट्या, दस्त्यावरची चीर, सगळं लिहून घ्यायला लावा. क्रमांक नसलेल्या वस्तूची ओळख तिच्या वर्णनातच असते. जमा केल्याची पावती घ्या. बिनपरवाना ताब्याबद्दल कलम ३ खाली खटला भरायला जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. तुम्ही स्वतःहून, लेखी, तारखेसह पुढे आलात हे त्या टेबलावर दिसलं पाहिजे.

शेतीसाठी ठासणीची बंदूक हवी आहे. रानडुकरं फार झाली आहेत.

सिंधुदुर्ग, रत्नागिरी, सह्याद्रीच्या कुशीतली गावं, सगळीकडे ही तक्रार आहे आणि ती खरी आहे. एका रात्रीत भाताचं शेत नांगरल्यासारखं होतं. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद कलम १३ मध्येच केलेली आहे. म्हणून गावात पडून असलेली बिननंबरी बंदूक घेऊ नका. परवाना काढा आणि नंबर असलेली नवी बंदूक परवानाधारक विक्रेत्याकडून घ्या. आणि बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. रानडुकराबाबतही वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे वन खात्याकडे जावं लागतं. निवडणूक आली की शस्त्रं जमा करण्याच्या नोटिसा येतात, तेव्हाही पावती जपा.

दसऱ्याला पूजा करून एक बार काढला तर?

पूजा करा. घरची परवान्याची बंदूक पाटावर ठेवून झेंडूचं फूल वाहणं ही आपली रीत आहे. बार नको. आनंदाच्या भरात कुणाच्या जीवाला धोका होईल असा गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, ही तरतूद २०१९ मध्ये आली आहे.

अमेरिकेत १९६८ पूर्वीची बंदूक नंबरशिवाय खुशाल विकत मिळते असं वाचलं. ते खोटं आहे का?

खरं आहे, पण ते तिथलं आहे. इंटरनेटवर या विषयावर जे काही सापडतं त्यातलं बरंचसं अमेरिकन कायद्यावरचं असतं आणि लोक ते इथे लावतात. घोळाचं मूळ इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर.

अमेरिकेचा १९६८ चा बंदूक नियंत्रण कायदा १६ डिसेंबर १९६८ पासून लागू झाला आणि परवानाधारक कारखान्यांना प्रत्येक बंदुकीवर क्रमांक घालणं सक्तीचं झालं. त्याआधी साध्या छऱ्याच्या बंदुकांना आणि पॉइंट बावीसच्या रायफलींना क्रमांक घातलाच पाहिजे असं नव्हतं. विंचेस्टरची मॉडेल ६७ ही एकबारी रायफल १९३४ ते १९६३ पर्यंत बनली, मॉडेल ३७ ही एकनळी छऱ्याची बंदूक १९३६ ते १९६३, आणि दोन्ही तिथल्या बाजारात नंबरशिवायच विकल्या गेल्या. अशी बंदूक आजही तिथे कायदेशीर आहे. विक्रेता फॉर्ममध्ये क्रमांकाच्या रकान्यात "नाही" असं लिहितो. पण ज्या बंदुकीवर क्रमांक होता आणि तो घासून काढलाय, ती जवळ बाळगणं हाच तिथे केंद्रीय गुन्हा.

वय ठरवायच्या त्यांच्या युक्त्याही छान आहेत. रेमिंग्टन कंपनीच्या बंदुकीच्या नळीवर महिन्यासाठी एक अक्षर असे. 'ब्लॅकपावडर' हा शब्द आणि शेवटी 'एक्स' मिळून इंग्रजी बारा अक्षरं होतात, तीच क्रमाने जानेवारी ते डिसेंबर. 'बी' म्हणजे जानेवारी, 'एल' म्हणजे फेब्रुवारी. त्याच्याशेजारचं अक्षर वर्षाचं. त्यावरून ती १९६८ च्या आधीची हे दाखवता येतं. १८९८ मध्ये किंवा त्याआधी बनलेली बंदूक तिथे केंद्रीय कायद्यात पुरातन धरली जाते आणि बहुतेक केंद्रीय अटींतून सुटते. राज्यांचे नियम आणखी वेगळे. कॅलिफोर्नियात बिननंबरी बंदुकीला राज्याकडून क्रमांक घ्यावा लागतो. १६ डिसेंबर १९६८ पूर्वीच्या बंदुकांना त्यातून सूट आहे, पण पिस्तुलांना नाही.

भारतात अशी १९६८ सारखी किंवा १८९८ सारखी एखादी रेघ नाही. इथे बंदूक कधी बनली यापेक्षा ती चालते का, तिची ओळख काय आणि ती कुणाच्या परवान्यावर आहे, हे बघतात.

मी अमेरिकेत नोकरीला आहे. तिथे अशी जुनी रायफल घेऊ शकतो का?

ग्रीन कार्ड असेल तर तिथल्या नेहमीच्या अटींवर, हो. एच-वन-बी, विद्यार्थी किंवा पर्यटक व्हिसावर असाल तर केंद्रीय कायदा तुम्हाला बंदूक आणि काडतुसं बाळगायलाच मनाई करतो. वैध शिकार परवान्यासारखे थोडे अपवाद आहेत. शूटिंग रेंजवरच्या मित्रांच्या भरवशावर राहू नका. अशा चुकीची किंमत नोकरी आणि व्हिसा दोन्हींनी मोजावी लागते. आणि ती रायफल पुढे भारतात आणायचा विचार असेल तर तो सोडा. आयातीला कलम १० खाली वेगळा परवाना लागतो, सीमाशुल्क खातं आहेच, आणि इथे पोहोचल्यावर कलम ८ उभं आहे.

उलट दिशेनेही तेच. शंभर वर्षांवरची वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम १९७२ प्रमाणे खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या भावाला भेट म्हणून पणजोबांची बंदूक पाठवायचा बेत इथेच संपतो.

मला वापरायची नाहीच, फक्त जुन्या शस्त्रांचं वेड आहे.

मलाही आहे. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय, नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय म्हणजे आपला अजब बंगला, कोल्हापूरचा नवा राजवाडा इथे जाऊन तास न् तास उभं राहावं. घरच्या बंदुकीचा परवाना मिळत नसेल तर जमा केलेल्या अवस्थेतच ती संग्रहालयाला देता येईल का, असा अर्ज परवाना अधिकाऱ्याकडे करा. वितळवण्यापेक्षा ते बरं.

जुना परवाना सापडत नाही. कुठे शोधू?

आधी घरातच. परवान्याची जुनी पुस्तकं देवघरातल्या पोथ्यांत, दस्तऐवजांच्या ट्रंकेत, सातबाऱ्याच्या गठ्ठ्यात सापडतात. कागद मोडीत असेल तर मोडी वाचणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्या. मोडीचे वर्ग आज गावोगावी चालतात. मग जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात आजोबांचं नाव, गाव आणि अंदाजे साल देऊन अर्ज करा. दाद मिळाली नाही तर माहिती अधिकारात मागा. पोलीस ठाण्यात निवडणुकीच्या वेळी शस्त्र जमा केल्याच्या नोंदी असतात, त्याही विचारा. एका ओळखीच्या घरी असाच शोध चालला होता. परवाना मिळाला नाही, पण आजोबांनी बंदूक जमा केल्याची एक पिवळी पडलेली पावती पंचांगात घडी घालून ठेवलेली निघाली. तिच्यावर लिहिलं होतं: ठासणीची, एक नळी, दस्त्यास तीन पितळी कड्या, नंबर नाही. त्या शेवटच्या दोन शब्दांवर त्यांचा अर्ज उभा राहिला.